विहीर आटत नाही, गाळ साचतो



दसरा झाला आणि दिवाळी तोंडावर आली, की आपल्या बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. धान्याची पोती, भांडीकुंडी, कोयते, एखादी शेळी आणि या सगळ्या पसाऱ्यात बसलेली लेकरे. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातात, कोणी पुणे-साताऱ्याकडे, तर कोणी पार कर्नाटकात बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवर. आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबेही त्यांत असतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती परतत नाहीत. मधल्या काळात आगमनकाळ येतो, नाताळ येतो, राखेचा बुधवार येतो, एखाद्या वर्षी पवित्र आठवडासुद्धा येऊन जातो. त्या दिवसांत आपल्या चर्चमधली त्यांची जागा रिकामी असते.

निघण्यापूर्वी ही माणसे आशीर्वाद घ्यायला येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात. "फादर, सहा महिने मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, ख्रिस्तशरीर नाही. आम्ही देवापासून लांब जातोय का?"

हा प्रश्न आपण सर्वांनीच मनावर घ्यावा असा आहे. कारण जे गावातच राहतात, ज्यांच्या घरातून चर्चची घंटा ऐकू येते आणि जे दर रविवारी न चुकता येतात, ते हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. जो चर्चजवळ आहे तो देवाजवळ आहे, असे आपण धरूनच चालतो. पण खरोखर तसे आहे का? माणूस देवापासून दूर जातो म्हणजे नेमके काय होते? आणि ज्याने कधी ठरवून देवाला सोडले नाही, त्याला आपण दोषी म्हणू शकतो का? या रविवारी आपण याच प्रश्नांचा थोडा शांतपणे विचार करू या.

सुपीक मातीचा गाळ

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एक इशारा आहे. जे आपण ऐकले आहे त्याकडे अधिक लक्ष द्या, नाहीतर आपण त्यापासून वाहवत जाऊ, अशा आशयाचा तो इशारा आहे (इब्री २:१). त्यामागे पाण्याच्या ओढीने हळूहळू बाजूला सरकत जाणाऱ्या होडीचे चित्र आहे. समुद्रकाठच्या माणसाला ते लगेच कळते. आपल्याकडे समुद्र नाही. मात्र पाणी कसे हरवते, हे बीड जिल्ह्यातील माणसाला कोणी शिकवायला नको.

बीड शहराजवळची खजाना विहीर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात ती बांधली गेली. जमिनीखालच्या मार्गाने पाणी विहिरीत येते आणि तसेच जमिनीखालून ते शेतांपर्यंत नेलेले आहे. ही विहीर दुष्काळातही आटत नाही, असे जुनी माणसे सांगतात. अशा व्यवस्थेचा खरा शत्रू कोण? झरा मेला तर विहीर जाते हे खरे. पण झरा जिवंत असूनही विहीर निकामी होऊ शकते. मार्गात आणि तळाशी गाळ साचत राहिला आणि कोणी तो काढला नाही, तर पाणी असूनही ते वर येत नाही. झऱ्याला बोल लावून मग उपयोग नसतो.

देवाची कृपा ही त्या झऱ्यासारखी आहे. ती आटत नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून देव आपल्या लोकांविषयी हीच तक्रार करतो, की त्यांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि पाणी न धरणारे फुटके हौद स्वतःसाठी खोदून घेतले (यिर्मया २:१३). झऱ्यात काही उणे नव्हते.

आता गाळ म्हणजे काय, ते पाहा. तो कुठून बाहेरून आलेला विषारी पदार्थ नसतो. ती आपल्याच शेताची माती असते, आणि तीसुद्धा वरच्या थरातली, सर्वांत कसदार. पावसाच्या पाण्याबरोबर ती वाहत येते आणि तळाशी बसते. शेतात असते तेव्हा ती ज्वारी पिकवते. तीच विहिरीत गेली की पाणी अडवते.

आपल्या आध्यात्मिक जीवनात नेमके असेच घडते. आपल्या हृदयात जो गाळ साचतो, तो बहुतेक वेळा चोरी, व्यभिचार, खून यांचा नसतो. मुलीचे लग्न, मुलाची फी, सोसायटीचे कर्ज, कापसाचा भाव, पीकविम्याचे पैसे, घराचा स्लॅब, अशा एकेक गोष्टीची ती माती असते. यांतील एकही गोष्ट वाईट नाही. उलट यांची काळजी न करणारा बाप हा बेजबाबदार बाप ठरेल. पण पेरणाऱ्याच्या दाखल्यात काटेरी झुडपांत पडलेले बी कशामुळे गुदमरते, हे प्रभू येशू स्पष्ट सांगतो. तेथे संसाराच्या चिंता, धन आणि सुखे यांची नावे आहेत (लूक ८:१४). सैतानाचा उल्लेख प्रभूने वाटेवर पडलेल्या बियांच्या संदर्भात आधीच केलेला आहे. काट्यांमधले बी मात्र रोजच्या संसारानेच गुदमरते.

संत ऑगस्टीन यांनी शिकवले, की सद्गुण म्हणजे प्रेमाचा योग्य क्रम. ज्या गोष्टीवर जितके प्रेम करायला हवे तितकेच करावे, तिला तिच्या जागी ठेवावे. आपल्या भाषेत सांगायचे तर माती शेतात असावी, विहिरीत असू नये.

दोष कोणत्या दाण्याचा?

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे, की प्राणघातक पाप होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. विषय गंभीर असावा लागतो, ते पाप आहे याची पूर्ण जाणीव असावी लागते आणि मनाची पूर्ण संमती असावी लागते. पण देवापासून हळूहळू दूर जाणारा माणूस अशी संमती कधी देतो? "आजपासून मी देवाला सोडले" असे कोणी कॅलेंडरवर लिहून ठेवत नाही. एके रात्री थकवा आला म्हणून प्रार्थना राहिली. एका रविवारी पाहुणे आले म्हणून मिस्सा राहिली. जपमाळ खुंटीवर अडकवली होती, ती रंगकामाच्या वेळी पेटीत गेली. यांतील कोणत्या क्षणी तो माणूस देवाचा राहिला नाही?

प्राचीन ग्रीसमध्ये युबुलिडीस नावाच्या तत्त्वज्ञाने एक कोडे घातले होते. आपण ते आपल्या खळ्यावर नेऊ या. ज्वारीची रास आहे. तिच्यातून एक दाणा काढला, तर रास मोडत नाही. आणखी एक काढला, तरीही मोडत नाही. एका दाण्याने कधीच काही होत नाही. पण असे दाणे काढत राहिले, तर एक वेळ अशी येते की जमिनीवर चार दाणे उरलेले असतात आणि रास नसते. रास नेमकी कोणत्या दाण्याला मोडली? कोणालाच सांगता येत नाही.

सैतान याच हिशोबाने आपल्याशी बोलतो. "एकाच दाण्याचा तर प्रश्न आहे" असे तो प्रत्येक वेळी म्हणतो, आणि अडचण अशी की प्रत्येक वेळी त्याचे म्हणणे खरे असते. एका चुकलेल्या प्रार्थनेने कोणाची श्रद्धा गेलेली नाही.

मग जबाबदारी कोणाची? आम्हांला वाटते, की प्रत्येक दाण्याचा जाब माणसाला विचारता येणार नाही. पण राशीकडे पाहण्याचे काम त्याचेच आहे. शेतकरी प्रत्येक दाणा मोजत नाही, परंतु खळ्यावर रोज नजर टाकतो. पाऊस माती वाहून आणतो, त्यात विहिरीच्या मालकाचा अपराध नाही. पण वर्षानुवर्षे त्याने वाकून तळ पाहिलाच नाही, तर मात्र त्याला विचारावे लागेल. म्हणूनच आपल्याला दररोज झोपण्यापूर्वी आत्मपरीक्षण करायला शिकवले गेले आहे. अपराधांची यादी करून स्वतःला छळणे हा त्याचा हेतू नाही. रोज एकदा विहिरीत डोकावून पाहावे, एवढाच तो हेतू आहे.

संत पेत्राचेच पाहा. त्याने प्रभूला तीनदा नाकारले, हे आपण दर पवित्र आठवड्यात ऐकतो. पण नकार ही शेवटची पायरी होती. त्याआधी गेथशेमानी बागेत प्रभूने त्याला जागे राहायला सांगितले होते आणि तो झोपला. नंतर प्रभूला पकडून नेले, तेव्हा पेत्र दूर अंतर ठेवून मागे चालत होता (लूक २२:५४). मग तो शेकोटीपाशी परक्यांत जाऊन बसला. झोप, अंतर, ऊब. यांतील एकही कृती विश्वासघाताची वाटत नाही. दासीने प्रश्न विचारला, तेव्हा मात्र आत काय शिल्लक आहे ते बाहेर आले.

संत मोनिका आणि दासी

संत ऑगस्टीन आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात आपल्या आईची, संत मोनिका यांची, लहानपणची एक गोष्ट सांगतात. मोनिका मुलगी असताना तिला घरच्या पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवीत. तिला दारूची आवड मुळीच नव्हती. बालपणीच्या खोडकरपणाने ती ओठांच्या टोकाने थोडासा चाखून पाही. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा, तिसऱ्या दिवशी आणखी. असे करता करता ती जवळजवळ पेला भरून पिऊ लागली. ज्या स्त्रीला आपण आज सर्व मातांचा आदर्श मानतो, तिची ही गोष्ट आहे.

ती यातून सुटली कशी? तिच्याबरोबर पिंपाकडे जाणाऱ्या दासीशी तिचे भांडण झाले आणि रागाच्या भरात दासीने तिला तोंडावर दारुडी म्हटले. तो शब्द मोनिकेच्या जिव्हारी लागला. तिने स्वतःकडे पाहिले आणि ती सवय तिथेच सोडली. ऑगस्टीन पुढे म्हणतात, की दासीला तिला सुधारायचे नव्हते, फक्त दुखवायचे होते. पण देवाने तो कठोर शब्द औषध म्हणून वापरला.

या गोष्टीतून आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला असा, की जो वाहवत जातो त्याला आपण वाहवत चाललो आहोत हे आतून समजत नाही. कोणीतरी बाहेरून सांगावे लागते. दुसरा असा, की सांगणारा नेहमी प्रेमळ आणि योग्य माणूस असेलच असे नाही. शेजारणीचा टोमणा, सुनेचे बोलणे, शाळेत जाणाऱ्या नातवाचा प्रश्न, "आजोबा, आपण हल्ली रात्री प्रार्थना का म्हणत नाही?" अशा वेळी सांगणाऱ्याचा हेतू तपासत बसण्यापेक्षा सांगितलेले खरे आहे का, एवढे पाहावे.

भावना आणि सवय

काही जण म्हणतात, "फादर, मनात श्रद्धा आहे ना, मग झाले. बाहेरच्या सवयींचे काय एवढे?" याचे उत्तर आपण सर्वांनी काही वर्षांपूर्वी स्वतः अनुभवले आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे चर्चची दारे बंद झाली. १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, परत उघडली. सुरुवातीच्या आठवड्यांत मोबाईलवर मिस्सा पाहताना कित्येकांच्या डोळ्यांत पाणी येत असे. भावना तीव्र होती. नंतर त्याच मोबाईलवर मिस्सा चालू असताना चहा होऊ लागला, भाजी निवडली जाऊ लागली. आणि दारे उघडली तेव्हा काही जण आलेच नाहीत. त्यांनी श्रद्धा सोडली नव्हती. कोणावर रागही नव्हता. फक्त रविवारी सकाळी उठून, आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून बाहेर पडण्याची सवय मोडली होती, आणि ती सवय किती भार पेलत होती हे ती मोडल्यावर कळले.

भावना पावसासारखी असते. येते तेव्हा भरभरून येते, नसते तेव्हा नसते. आपल्या दुष्काळी मुलखात नुसत्या पावसाच्या भरवशावर कोणी राहत नाही. पाणी धरून ठेवायला विहिरी, बांध, तलाव लागतात. प्रार्थनेची ठरलेली वेळ, रविवारची मिस्सा, शुक्रवारचा संयम, वर्षातून ठराविक वेळा पापनिवेदन, हे आपले बांध आहेत. ते स्वतः पाणी नव्हेत, हे खरे. पण ते नसतील, तर आलेले पाणी थांबणार कुठे?

अंतर म्हणजे दुरावा नव्हे

आता ऊसतोडीला जाणाऱ्या बंधू-भगिनींच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांची ही सवय तर परिस्थितीच मोडते. फडात रविवार नसतो. पहाटे अंधारात उठून मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, रात्री-अपरात्री गाडी आली की पुन्हा उठायचे. खाडा झाला तर पैसे कापले जातात. मग ते पाप करतात का?

ख्रिस्तसभेचे उत्तर स्पष्ट आहे. रविवारी मिस्सेला येणे हे प्रत्येक कॅथलिकाचे गंभीर कर्तव्य आहे. पण अशक्य गोष्टीचे बंधन देव कोणावर घालीत नाही. १९८३ साली जाहीर झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेत, १२४८ व्या कलमात, यावर मार्गही सांगितला आहे. धर्मगुरू नसल्यामुळे किंवा दुसऱ्या गंभीर कारणामुळे मिस्सेत भाग घेणे अशक्य असेल, तर भाविकांनी एकट्याने, कुटुंबात किंवा काही कुटुंबांनी एकत्र येऊन योग्य तेवढा वेळ प्रार्थना करावी, अशी आग्रहाची शिफारस तेथे आहे. म्हणजे कोपीसमोर चार घरांनी एकत्र बसून केलेली प्रार्थना ही कमी प्रतीची सोय नाही. ख्रिस्तसभेने स्वतः सुचवलेला तो मार्ग आहे.

हा मार्ग माणसाला कुठवर नेऊ शकतो, हे जाणण्यासाठी आपल्या महाराष्ट्राच्या एका संताचे बोट धरून थोडे दूर जाऊ. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांच्यासह तेथे २६ जणांना क्रुसावर मारले गेले. पुढे १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली. मिशनऱ्यांना हाकलले गेले, लपून राहिलेले धर्मगुरू एकेक करून पकडले व मारले गेले, आणि एक वेळ अशी आली की त्या देशात एकही धर्मगुरू उरला नाही. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, ख्रिस्तशरीर नाही. आणि हे सहा महिने नव्हे, दोनशेहून अधिक वर्षे.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील नव्या चर्चमध्ये फ्रेंच धर्मगुरू फादर पतीजाँ यांच्याकडे जवळच्या उराकामी गावातील काही शेतकरी माणसे आली. त्यांतील एका स्त्रीने हळूच सांगितले, की आमचे हृदय तुमच्यासारखेच आहे. आणि विचारले, की पवित्र मरीयेची मूर्ती कुठे आहे? सात-आठ पिढ्या या लोकांनी श्रद्धा जपून ठेवली होती.

ती त्यांनी केवळ भावनेवर जपली नाही. त्यांनी कामे वाटून घेतली होती. एकाकडे सणांचे आणि उपवासांचे कॅलेंडर सांभाळण्याचे काम, एकाकडे स्नानसंस्कार देण्याचे काम, एकाकडे घरोघरी निरोप पोहोचविण्याचे काम. वडील थकले की दुसरा माणूस ते काम उचलायचा. सरकार त्यांना वेळोवेळी ख्रिस्ताच्या किंवा मरीयेच्या चित्रावर पाय ठेवायला लावीत असे. घरी परतल्यावर ते पूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. दरवेळी गाळ साचे आणि दरवेळी ते तो काढीत. बंदी उठली ती १८७३ साली. तोपर्यंत, ओळख उघड झाल्यावर, उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपारी सोसावी लागली.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बंदी उठल्यावर सगळेच ख्रिस्तसभेत परतले नाहीत. काही गटांनी आपापल्या पूर्वजांचे विधी तसेच वेगळे चालू ठेवले. म्हणून एकट्याने जपलेल्या श्रद्धेला, संधी मिळताच, पुन्हा संपूर्ण ख्रिस्तसभेशी जोडून घ्यावेच लागते. कोल्हापूर, सोलापूर, पुणे, बेळगाव या सर्व शहरांत कॅथलिक चर्च आहेत. कारखान्याला सुटी असेल, बाजारासाठी शहरात जाणे होईल, त्या दिवशी ते चर्च शोधावे. भाषा कन्नड असली तरी वेदीवरचा प्रभू तोच आहे.

देव मुकादम नाही

कधी कधी गाळापेक्षाही मोठी अडचण लाज ठरते. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण अनेकांचे परतणे याच ठिकाणी अडते.

उचल घेतलेला माणूस हंगाम अर्धवट सोडून आला, की मुकादमाला चुकवत फिरतो. समोरून तो येताना दिसला की गल्ली बदलतो. हिशोब फिटलेला नसतो ना! काही भाविक देवाशी असेच वागतात. सुरुवातीला चार रविवार अडचणीने चुकतात. त्यानंतरचे चाळीस रविवार त्या चार रविवारांच्या लाजेने चुकतात. "आता कोणत्या तोंडाने जाऊ? फादर काय म्हणतील? लोक काय बघतील?" देवाने आपल्याला कृपा दिली ती उचल म्हणून दिली आहे, खाडे झाले तर तो कापून घेणार आहे, असा समज त्यामागे असतो.

प्रभू येशूने सांगितलेला बाप मात्र वेगळा आहे. धाकट्या मुलाने वाटेत हिशोबाचे भाषण पाठ केले होते. मला मजुरासारखे ठेवा, असे तो म्हणणार होता. पण तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिले आणि तो धावत निघाला (लूक १५:२०). मुलाचे भाषण पूर्ण झालेच नाही. कोणीही, कितीही वर्षांनी आला, तरी त्याला आधी मागच्या रविवारांचा हिशोब मागितला जाणार नाही. आणि आपल्यापैकी कोणी परतलेल्याकडे भुवया उंचावून पाहिले, तर त्याने त्याच दाखल्यातील थोरल्या भावाची गोष्ट पुन्हा वाचावी. तो घर सोडून कधीच गेला नव्हता, तरी शेवटी दाराबाहेर तोच उभा होता.

येथे गावात राहणाऱ्यांसाठीही एक आरसा आहे. याकोबाच्या पत्रात, शेते कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती आरोळी प्रभूच्या कानी पोहोचली आहे, असे बजावले आहे (याकोब ५:४). दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारा माणूस आपल्या मजुराची मजुरी अडवीत असेल. शेजारच्या घरी म्हातारी आजी नातवंडांना घेऊन सहा महिने एकटी असताना तिची चौकशीही करीत नसेल, तर मग दूर कोण गेले आहे? फडावर कोयता हाती घेताना क्रुसाची खूण करणारी बाई की तो?

गाळ काढण्याचे दिवस

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची एक साधी हकिगत आहे. त्याचा बाप अब्राहाम याने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने ठेवलेली नावेच त्यांना परत दिली (उत्पत्ती २६:१८). त्याला नवा झरा शोधावा लागला नाही. आपल्यालाही नवा धर्म, नवा चमत्कार, नवा प्रचारक शोधत फिरण्याची गरज नाही. आईवडिलांनी शिकवलेली प्रार्थना मातीखाली तशीच आहे.

म्हणून यंदा हंगामापूर्वी आपण पुढील गोष्टी करू या.

जाणाऱ्या प्रत्येक टोळीतील आपल्या कुटुंबांनी आपल्यातून एक जण निवडावा. त्याच्याकडे चर्चचे कॅलेंडर राहील. रविवार कधी, नाताळ कधी, राखेचा बुधवार कधी, हे तो सर्वांना सांगेल. उसासाठी टोळीला मुकादम असतो, तर प्रार्थनेसाठी आठवण करून देणारा एक माणूस का नसावा? स्त्री असली तर अधिकच उत्तम. नाव निघण्यापूर्वी धर्मगुरुनिवासात कळवावे. कॅलेंडर आणि जपमाळ येथूनच दिली जाईल.

सकाळी कोयता उचलण्यापूर्वी क्रुसाची खूण. रात्री कितीही थकवा असला तरी लेकरांना जवळ घेऊन एकदा 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' आणि 'नमो मरीये'. एवढेच, पण रोज. पाप घडले आणि धर्मगुरू जवळ नसेल, तर देवावरील प्रेमाने मनापासून पश्चात्ताप करावा आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय करावा. अशा पूर्ण पश्चात्तापाला देव क्षमा नाकारीत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

जे गावात राहतील, त्यांनी आपल्या शेजारच्या बंद घराकडे लक्ष ठेवावे. मागे राहिलेल्या वृद्धांना रविवारी चर्चला आणण्याची आणि हंगामी वसतिगृहातील मुलांची चौकशी करण्याची जबाबदारी वॉर्डावार वाटून घ्यावी. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्या मुलांची जागा राखून ठेवावी.

एक शेवटची गोष्ट. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. त्यानंतर २०१७ साली राज्यात धरण-तलावांतला गाळ काढून शेतांत टाकण्याची योजना सुरू झाली. ज्या गाळाने तलाव उथळ केला होता, त्याच गाळाने माळरानावर पीक उभे राहिले. पेत्राचेही तसेच झाले. आपल्या नकाराबद्दल तो ढसाढसा रडला आणि पुढे दुबळ्या भावांना धीर देणारा मेंढपाळ बनला. तुमच्या-आमच्या चुकलेल्या वर्षांचेही तसे होऊ शकते. लाजेने विहीर झाकून ठेवली तर मात्र ते होणार नाही. वाकून पाहावे लागेल, आणि खोरे हाती घ्यावे लागेल.

प्रभू येशू जाणाऱ्यांच्या वाटेत आणि राहणाऱ्यांच्या घरात सदैव असो. संत मोनिका आणि संत गोन्सालो गार्सिया आपणासाठी विनंती करोत. पवित्र मरीया, आपली माता, आपणा सर्वांना आपल्या पदराखाली सांभाळो.

ख्रिस्ताठायी आपले,
धर्मगुरू